शाल-श्रीफळ आणि चौदा दिवे

चंद्रपूर जिल्ह्याच्या नागभीड तालुक्यातील एका गावाहून माध्यमिक शाळेतील चित्रकला शिक्षिका लिहितात :

‘गेल्या जानेवारीत आम्ही नऊ जणांच्या समितीने परिसरातील सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराने ग्रस्त मुलांच्या मदतीसाठी गावात दोन दिवसांचे कलाप्रदर्शन भरवले. चित्रे, मातीच्या वस्तू, भरतकाम, बांबूकाम असे सारे कलावंतांनी विनामूल्य दिले होते. एकूण विक्री ८४,००० रुपयांची झाली. मंडप, ध्वनिक्षेपक, जेवण आणि पाहुण्यांचे सत्कार यांवर ४७,००० रुपये गेले, त्यांतले ९,००० नुसत्या शाली-श्रीफळांचे होते, आणि निधीत ३७,००० रुपये उरले. गावातच बुरडकाम करणाऱ्या एका वयस्क कारागिराने बांबूचे चौदा दिवे दिले होते. प्रत्येकी ५०० रुपयांप्रमाणे ते पहिल्याच दिवशी संपले. आम्ही त्यांना शाल-श्रीफळ दिले. यंदा मी पुन्हा विचारायला गेले, तेव्हा ते “यंदा मले नोका सांगू, मॅडम” एवढेच बोलले. पुढे त्यांच्या सुनेकडून कळले की दिव्यांसाठी बांबू उधारीवर आणला होता. समितीतील ज्येष्ठ मंडळी म्हणतात की कलावंतांना पैसे द्यायचे असतील तर मग हे धर्मादाय काम कसले? मला ते पटत नाही, पण त्यांना उत्तरही देता येत नाही. यंदा प्रदर्शन भरवावे का, आणि भरवायचे तर कसे?’

ताई, सप्रेम नमस्कार.

प्रदर्शन अवश्य भरवा. मात्र त्याआधी त्या कारागिराचे गेल्या वर्षीचे पैसे त्यांना पोहोचवा, आणि ते निधीतून काढू नका. निधी मुलांच्या नावाने गोळा झाला आहे. त्यात मागाहून हात घातला तर हिशेब कितीही सरळ असला तरी गावात त्याची चर्चा वेगळीच होईल. चूक समितीची आहे, तेव्हा ती समितीच्या नऊ जणांनी स्वतःच्या खिशातून भरून काढावी. चौदा दिव्यांचे सगळे ७,००० रुपये द्यायचे ठरवले, तरी प्रत्येकाच्या वाट्याला आठशेच्या आतच येतात.

आता ज्येष्ठांच्या प्रश्नाकडे वळतो, कारण तो दिसतो तितका पोकळ नाही. त्यांच्या मनात सेवा म्हणजे मोबदल्याविना केलेले काम, आणि स्वतः त्यांनी मंडप उभारताना, पाहुण्यांची ने-आण करताना असाच वेळ दिला असणार. पण त्या दोन दिवसांत त्यांच्यापैकी कोणाचे घर थांबले नाही. निवृत्तिवेतन किंवा पगार महिन्याच्या महिन्याला जमा झाला, दुकान मुलाने सांभाळले. त्या कारागिराने मात्र बांबू उधार आणला, कामट्या काढल्या, तासल्या, विणल्या, आणि तेवढ्या दिवसांत ज्या सुपे-टोपल्या विकून घरात मीठ-मिरची आली असती त्या केल्याच नाहीत. म्हणजे तुमच्या प्रदर्शनातील सर्वांत मोठा देणगीदार बहुधा तोच ठरला, आणि तोही त्याला न विचारता. गावात शिक्षिका आणि चार प्रतिष्ठित माणसे दारात येऊन उभी राहिली की ‘नाही’ म्हणणे त्याला जड जाते. असा होकार ही देणगी नव्हे, वर्गणीची सक्ती आहे.

तुमच्या ज्येष्ठांना हे तत्त्व म्हणून सांगत बसू नका. त्यांना झाडीपट्टीच्या, म्हणजे तुमच्या पूर्व विदर्भातल्या, नाटकाची आठवण करून द्या. दिवाळीनंतर तुमच्या भागात गावोगावी नाटके लागतात, वडशाच्या नाटक कंपन्यांशी मंडळे बोलणी करतात, ठरलेली रक्कम मोजतात, तिकिटे विकतात आणि वर जे उरेल ते गावाच्या कामाला वापरतात. ते काम कधी मंदिराचे असते, कधी शाळेच्या वर्गखोलीचे. या सगळ्या व्यवहारात ‘गावाच्या भल्याचे काम आहे, तेव्हा नट, गायक आणि तबलजी यांनी फुकट यावे’ असे कोणी म्हणत नाही. म्हटले तर पुढच्या वर्षी कंपनी त्या गावाची तारीखच घेणार नाही. ज्या रंगभूमीसाठी तिथले कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, ती रंगभूमी कलावंताला आधी आणि गावाला नंतर या क्रमावर टिकली आहे. त्या नाटकातून गावाला मिळालेला पैसा धर्मादाय नाही असे तुमच्या समितीतही कोणाला वाटत नसेल. मग बांबूच्या दिव्याला वेगळा न्याय का?

कोणी गांधीजींचे नाव पुढे करून त्यागाची भाषा काढली, तर त्यालाही उत्तर आपल्याच वर्ध्यात आहे. १९३५ साली गांधीजींच्या आग्रहावरून अखिल भारत चरखा संघाने सूत कातणाऱ्या बायांची मजुरी पोटापुरती तरी व्हावी म्हणून वाढवण्याचे धोरण स्वीकारले. खादी महागणार, खप कमी होणार, हे दिसत असूनही ते स्वीकारले गेले. वाढलेली किंमत खादी घेणाऱ्याने सोसावी, कातणारणीने नव्हे, असा तो हिशेब होता. तुमच्या प्रदर्शनातही दान वस्तू विकत घेणाऱ्याच्या हातातून यावे, ती घडवणाऱ्याच्या हातातून नव्हे. मला सांगायचे आहे ते एवढेच आहे, आणि पुढच्या सगळ्या सूचना त्यातूनच निघतात.

प्रत्यक्षात हे असे करता येईल. वस्तू मागायला जाल तेव्हा प्रथम कारागिराला त्याची किंमत विचारा, आणि त्याने सांगितलेल्या आकड्यावर घासाघीस करू नका. पुष्कळदा हे लोक स्वतःच फार कमी सांगतात. सामान किती लागले, दिवस किती गेले, आणि त्या दिवसांत त्यांनी रोजचे काम केले असते तर किती मिळाले असते, हे त्यांच्यासमोर बसून मांडा. हा आकडा वहीत लिहून त्यावर दोघांच्या सह्या करा. त्यानंतर निधीचा वाटा वर चढवा, आणि वस्तूजवळच्या चिठ्ठीवर दोन्ही आकडे वेगवेगळे छापा : ‘कारागिराला ४००, मुलांच्या निधीला ३००, एकूण ७००’. (हे आकडे नमुन्यादाखल आहेत.) गेल्या वर्षी ५०० ला जे दिवे पहिल्याच दिवशी संपले, ते याहून अधिक किमतीलाही गेले असते, असे मला खात्रीने वाटते, पहिल्याच दिवशी संपणे हे किंमत कमी लावल्याचे लक्षण असते. ब्रह्मपुरीहून किंवा नागपूरहून आलेला माणूस ७०० देताना कुरकुरत नाही. आपले पैसे कोठे गेले हे कळले नाही तर कुरकुरतो.

वस्तू विकली गेली की कारागिराचे पैसे त्याच संध्याकाळी रोख द्या. ‘हिशेब झाल्यावर बघू’ या वाक्याने गावातील निम्मी भांडणे सुरू होतात. विकली गेली नाही तर वस्तू धडधाकट परत करा, आणि तुटली-फुटली असेल तर तिची किंमत समितीने भरावी. चित्रांना काचेऐवजी ॲक्रिलिकचा पत्रा लावला तर ही धास्ती बरीच कमी होते.

एक गोष्ट मात्र जपली पाहिजे. सर्वांनाच पैसे घ्यायला लावू नका. निवृत्त झालेले एखादे कलाशिक्षक, हौसेने रंगवणाऱ्या डॉक्टरीणबाई, परगावी नोकरी करणारा तुमचा जुना विद्यार्थी यांना आपले चित्र पूर्णपणे निधीला द्यायचे असेल तर ते आनंदाने स्वीकारा आणि चिठ्ठीवर तसे लिहा. फरक इतकाच की तो पर्याय त्यांनी स्वतः निवडलेला असावा. नोंदणीच्या कागदावर ‘माझा वाटा मला हवा’ हे आधी छापा आणि ‘माझा वाटा निधीला द्यावा’ हे खाली. उलटे छापलेत तर संकोची माणूस पहिल्याच ओळीवर अडकतो.

मुलांच्या चित्रांचा विषय निराळा आहे. ती जरूर मांडा, पण त्यांना किंमत लावू नका. ज्याचे चित्र विकले गेले नाही त्या मुलाचा चेहरा तुम्ही चित्रकलेच्या वर्गात रोज पाहणार आहात, आणि ज्याच्या आईने मजुरीतले शंभर रुपये मोडून स्वतःच्याच मुलाचे चित्र विकत घेतले तिच्याकडून निधी घेतला असे म्हणण्यात तरी काय अर्थ? तान्ह्या पोळ्याचे लाकडी नंदी मुलांनी हौसेने सजवून आणले तर ते पाहण्यासाठी ठेवा, विकण्यासाठी नव्हे. घरातला नंदी पिढीजात असतो.

जाता जाता एक तक्रार नोंदवतो. आपल्याकडच्या शालेय प्रदर्शनांत अर्धी भिंत वारली चित्रांनी भरलेली असते. जिव्या सोमा म्हशे यांच्यासारख्या कलावंतामुळे जगभर पोहोचलेली ती चित्रशैली पालघर-ठाण्याकडची आहे, तिला भौगोलिक मानांकनही आहे, आणि तिची नक्कल करून काढलेले चित्र ‘आदिवासी कला’ म्हणून नागभीडला विकणे हे त्या लोकांवर आणि तुमच्या भागावरही अन्यायाचे आहे. तुमच्याकडे बांबू आहे, माती आहे, भुलाबाईच्या मूर्ती घडवणारी बोटे आहेत, दंडार या लोकनाट्याची सोंगे सजवणारी माणसे आहेत. त्यांना विचारा. चिचपल्लीच्या बांबू प्रशिक्षण केंद्रात शिकून आलेली मुले-मुली तुमच्या आसपासच्या गावांत असतील तर त्यांनाही बोलवा. बांबूवर बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडची प्रक्रिया झालेली नसेल तर काही महिन्यांत त्याला भुंगा लागतो आणि दिव्याखाली पिवळसर भुकटी पडू लागते. पूर्ण किंमत मागायची तर वस्तूही टिकली पाहिजे, आणि प्रक्रियेचा खर्च कारागिराच्या आकड्यात धरला पाहिजे.

खर्चाबद्दल मी थोडा कठोर बोलणार आहे. ८४,००० च्या विक्रीत ४७,००० खर्च म्हणजे लोकांनी मुलांसाठी म्हणून दिलेल्या प्रत्येक शंभरातले छप्पन्न रुपये मंडप, भोंगा आणि शाली यांत गेले. हे लोकांना प्रवेशद्वारावर फलक लावून सांगितले असते तर किती जणांनी खरेदी केली असती? त्यातही ९,००० रुपयांच्या शाली, म्हणजे त्या कारागिराच्या चौदा दिव्यांच्या सगळ्या किमतीहून दोन हजार जास्त. यंदा सत्कार ठेवूच नका. शाळेची सभागृहे आणि वर्गखोल्या सुट्टीच्या दोन दिवसांसाठी मिळतात, मुख्याध्यापकांची आणि शाळा व्यवस्थापन समितीची लेखी संमती घ्या म्हणजे झाले. चित्रे टांगायला बांबूच्या ताट्या पुरतात, आणि त्याही त्याच कारागिरांकडून विकत घ्या. १९३६ च्या काँग्रेसच्या फैजपूर अधिवेशनाची सजावट चित्रकार नंदलाल बोस यांनी खेड्यात मिळणाऱ्या बांबूसारख्या साध्या साहित्यातून केली होती. आपल्याला तर दोन दिवसांचे प्रदर्शन मांडायचे आहे. जो खर्च टळणारच नाही त्यासाठी गावातील दोन-तीन दुकानदारांना वेगळे, उघड प्रायोजकत्व मागा, म्हणजे विक्रीतल्या निधीच्या वाट्याला हात लागणार नाही.

पैसा कशासाठी, हेही यंदा नेमके ठरवा. ‘सिकलसेलग्रस्त मुलांना मदत’ हे फार मोघम आहे. तपासणी आणि हायड्रॉक्सीयुरियासारखी औषधे सरकारी दवाखान्यांतून मिळतात, रुग्णाला एसटीत प्रवास-सवलत आहे, आणि १०८ ची रुग्णवाहिका दवाखान्यात पोहोचवते. मात्र दवाखान्यातून गावी परतताना करावी लागलेल्या खासगी गाडीचे भाडे, मुलाजवळ चार दिवस बसून राहिलेल्या आईची बुडालेली मजुरी आणि तेवढ्या दिवसांचे जेवण कोणत्याच योजनेत सहसा बसत नाही. थंडीने आणि अंगातले पाणी कमी झाल्याने वेदनांचा झटका येतो, म्हणून तुमच्याकडच्या पौष-माघाच्या थंडीत एक जाड ब्लँकेट हीदेखील खरी मदत असते. तुमच्या उपकेंद्रातील आशाताईंना आणि आरोग्यसेविकेला विचारून अशी यादी करा, आणि ‘३०० रुपयांत काय होते’ हे फलकावर लिहा. वस्तू विकत घेणाऱ्याला ते पटते. पण त्या फलकावर एकाही मुलाचे छायाचित्र किंवा नाव नको, गावाचेही नको. या आजाराची वाच्यता झाली की मुलीच्या लग्नात काय अडचणी येतात हे तुम्हाला माझ्याहून अधिक माहीत आहे. उद्घाटनाला आजारी मुलांना व्यासपीठावर बसवण्याची सूचना कोणीतरी हमखास करील. ती तिथेच थांबवा.

कायद्याची बाजू लहान आहे, पण टाळण्यासारखी नाही. तुमची समिती नोंदणीकृत नसेल तर धर्मादाय कामासाठी लोकांकडून पैसा गोळा करण्यापूर्वी महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ४१ क खाली परवानगी घ्यावी लागते. गणेश मंडळे दरवर्षी घेतात तीच ही परवानगी. गावातल्या मंडळाच्या कार्यकर्त्यांना तिची रीत ठाऊक असते, चंद्रपूरच्या धर्मादाय कार्यालयातही माहिती मिळेल. याहून सोपे म्हणजे परिसरातील एखाद्या नोंदणीकृत, लेखापरीक्षण होणाऱ्या संस्थेच्या वतीने प्रदर्शन भरवणे. पैसे त्या संस्थेच्या किंवा समितीच्या खात्यातच जावेत. कोषाध्यक्षांच्या खासगी मोबाइलचा क्यूआर कोड टेबलावर ठेवण्याचा मोह होतो, कारण तो लगेच मिळतो. पण महिन्याभराने त्या खात्यात दिव्यांचे पैसे कोणते आणि त्यांच्या भाच्याने परत केलेली उसनवारी कोणती, हे त्यांनाही सांगता येत नाही. पावतीपुस्तक क्रमांक छापलेले असावे, आणि पावतीवर कारागिराचा वाटा व निधीचा वाटा वेगळा लिहावा. कोणी आयकरातील सवलतीबद्दल विचारले तर स्पष्ट सांगा की वस्तूची किंमत ही देणगी नव्हे. सवलत देऊ शकणाऱ्या संस्थेला वेगळी देणगी दिली तरच तो प्रश्न येतो, आणि तीही २,००० रुपयांहून अधिक असेल तर रोख दिलेली चालत नाही.

काळ-वेळ तुम्ही जानेवारीची धरली होती, ती मला योग्य वाटते. मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रांच्या, दिवसांत गर्दी असते, लेकी-जावई आलेले असतात, पण धान अजून खळ्यावर किंवा खरेदी केंद्रावर असते आणि हातात पैसा नसतो. धानाचे चुकारे, म्हणजे विक्रीचे पैसे, जमा होऊ लागल्यावरचा, गावात नाटक असलेला शनिवार-रविवार निवडा. रात्रीच्या नाटकासाठी दहा गावांची माणसे दुपारीच येऊन नातेवाइकांकडे बसलेली असतात, आणि त्यांना करायला काही नसते. लग्नसराई मात्र टाळा. सुपांची आणि परड्यांची खरी मागणी तेव्हाच असते आणि बुरडकाम करणाऱ्याचे वर्षाचे गणित त्यावर उभे असते.

शेवटच्या दिवशी चार-पाच मोठ्या चित्रांची हर्रास (लिलाव) करण्याचा बेत असेल तर जरा जपून. माईकवर ११,००० ची बोली लावून टाळ्या घेणारे आणि पुढे सहा महिने ‘धान विकले की देतो’ म्हणणारे गृहस्थ प्रत्येक गावात असतात. पैसे जमा झाल्याशिवाय चित्र भिंतीवरून उतरवायचे नाही आणि नावही पुकारायचे नाही, हा नियम हर्रास सुरू होण्यापूर्वीच वाचून दाखवा. त्यापेक्षा चिठ्ठीची बोली बरी : प्रत्येकाने आपला आकडा बंद चिठ्ठीत टाकावा आणि संध्याकाळी पेटी उघडावी. त्यात सरपंच आणि शिपाई सारखेच असतात. कोणा चित्राचे पुढे कॅलेंडर किंवा शुभेच्छापत्र छापण्याची कल्पना समितीत निघाली, तर चित्रकाराची लेखी परवानगी आणि ठरलेली रक्कम हवी. चित्र विकले तरी कॉपीराइट चित्रकाराकडेच राहतो, असे १९५७ चा कायदा सांगतो, आणि विकत घेणाऱ्यालाही ते माहीत नसते.

आता त्या कारागिरांकडे जाण्याविषयी. समितीच्या नऊही जणांनी घोळका करून जाऊ नये. तुम्ही आणि समितीतील एक ज्येष्ठ, शक्यतो ‘धर्मादाय काम कसले’ असे म्हणणारेच, अशा दोघांनी जावे. पाकीट सुनेच्या नव्हे, त्यांच्याच हाती द्यावे, बांबूची उधारी फिटली का ते विचारावे, आणि आमच्याकडून चूक झाली हे ज्येष्ठांनी स्वतःच्या तोंडाने म्हणावे. ते पैसे घ्यायला तयार झाले नाहीत तर आग्रह करावा, एकदा नव्हे दोनदा. सोबत शाल नेऊ नका. आणि यंदाच्या प्रदर्शनाचा विषय त्या भेटीत काढू नका. त्यासाठी आठ-दहा दिवसांनी, दोन आकड्यांची चिठ्ठी हातात घेऊन, वेगळे जा.